सागाखालची नववी बाटली

सुमेधा, परवा अश्विनी आली होती, तुझी विद्यार्थिनी. माळावरच्या आणि सागाखालच्या बाटल्या उतरवायला. आठ बाटल्या तिनं उतरवल्या, पुसल्या, खोक्यात ठेवल्या. नववीला हात घातला तेव्हा मी म्हटलं, "राहू दे वं बाई ते एक."

"आजी, ही तर कोरी आहे. हिच्यात काहीच नसतं."

"म्हणूनच राहू दे."

तिला वाटलं म्हातारीला तुझी आठवण म्हणून पाहिजे. तसंच वाटू दिलं. जाताना म्हणाली, मॅडमच्या आठवणींचं छोटं पुस्तक काढून राहिलो आम्ही, तुम्ही दोन पानं लिहा. मी म्हटलं, लिहीन. म्हणून लिहायला बसले. शाळा माझी तिसरीपर्यंत, पुढचं वाचन एसटीच्या पाट्यांवरचं, बियाण्यांच्या पिशव्यांवरचं, नाहीतर तुझ्या वहीतलं. लिहायला लागले की पुस्तकातली भाषा येते आणि मधेच माझी वऱ्हाडी तोंड काढते. तू हसशील. हस.

तू गेलीस त्याचा फोन आला तेव्हा मी तुरीची डाळ निवडत होते. फोन ठेवला आणि उरलेली डाळ निवडून टाकली. हातांना कोणी सांगितलं नव्हतं ना. मग सून म्हणाली, "आत्याबाई, खडे डाळीत टाकून राह्यल्या तुमी," तेव्हा थांबले.

कुठं शिकलीस, काय मिळवलंस, ते बाकीचे लिहितील. त्यातलं मला काही माहीत नाही. मला माहीत आहे ती आमच्या आसेगावकडच्या रानातली सुमेधा, फॉरेस्टच्या सागात गुडघाभर पाचोळ्यात उभी राहून नरसाळ्यातला किडा चिमटीनं काढणारी. आणि एक गोष्ट मला माहीत आहे, जी तुलाही माहीत होती, आणि आठ वर्षांत आपण दोघी ती बोललो नाही. ती आज लिहिते.

पण सुरुवातीपासून लिहू दे, एकदम तिथं जायची माझी हिंमत नाही.

तुझा तो लोखंडी टॉवर सागाच्या शेंड्याच्या वर निघाला, तेव्हा गावानं ठरवूनच टाकलं की आता मोबाईलले रेंज येते. लोक टॉवरखाली फोन वर करून उभे राहायचे. तू सांगायचीस, "अहो, हा वारा मोजायचा आहे, हवेतली धूळ आणि वायू मोजायचे आहेत," आणि सरपंच म्हणायचे, "ते मोजा, पण एखादी दांडी रेंजसाठी बी लावा न मॅडम." माझं वावर जंगलाला लागून. तू पाणी प्यायला आलीस आणि आठवड्यातून एकदा बाटल्या बघायचं, त्यांतलं पाणी डब्यांत भरून ठेवायचं काम माझ्या गळ्यात टाकून गेलीस. पहिले दोन-तीन महिने मी तुला मॅडमच म्हणत होते. मग एक दिवस तुझ्या मानेवरची गोचीड काढली. जिची गोचीड आपण काढली तिला मॅडम कसं म्हणायचं? तेव्हापासून तू तू झालीस आणि मी तुझी मावशी.

चार बाटल्या माळावर, उघड्या आभाळाखाली. चार सागाखाली. प्रत्येकीवर नरसाळं. तू काडीनं मातीत रेघा ओढून समजावलंस, की माळावर फक्त पावसाबरोबर येतं ते पडतं. सागाखाली तेच पडतं, वर कोरड्या दिवसांत पानावर बसलेलं सगळं धुऊन उतरतं. एकातून एक वजा केलं की झाडानं हवेतून किती उचललं ते कळतं. मग लगेच म्हणालीस, "पण पान स्वतःचंही काही पाण्यात सोडतं, ते वेगळं काढावं लागतं." तुझं हे नेहमीचं. एक गोष्ट समजली म्हणेपर्यंत तिला एक "पण" लावायचीस.

आणि नववी बाटली. बूच लावलेली, तुझ्या प्रयोगशाळेतून शुद्ध पाणी भरून आणलेली. तीही सागाखाली टांगायची आणि तशीच परत न्यायची. मी हसले होते.

"पानी घेऊन येते, तेच पानी घेऊन जाते. येड्यावानी कायले करतं वं?"

"मावशी, बाकीच्या आठ जंगलाचं गोळा करतात. ही आपल्या चुका गोळा करते."

मला वाटलं, शिकलेल्या माणसाचं बोलणं. सोडून दिलं.

किती भांडलो गं आपण. उन्हाळ्यात तू लॅपटॉप उघडून दाखवलंस, या दिवसांत पानांवर सगळ्यात जास्त धूळ बसते. मी म्हटलं, "कोनत्या पानावर? चैतात सागाले पान कुठी असते?" तू वर बघितलंस. वर नुसत्या काड्या. तुझं ते कागदावरचं जंगल, मॉडेल म्हणायचीस तू, बाहेरदेशीच्या झाडांवरून केलेलं होतं. आमचा साग भर उन्हात उघडाबोडका होतो हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. तू जमिनीवर बसून पोट धरून हसलीस. त्या दिवसापासून माझ्या वहीत एक रकाना वाढला: साग कधी झडला, पळसाला कधी फूल आलं, धावड्याला पालवी कधी. तू त्याला "मावशींचा तक्ता" म्हणायचीस आणि पुण्याच्या मोठ्या लोकांसमोर त्याच नावानं दाखवायचीस. ते कळलं तेव्हा मी आठ दिवस गावात जरा ताठच चालले.

तीन उंबरठ्यांचंही आठवतं. हवेतलं काही पानावर बसायचं तर आधी वाऱ्यानं ते खाली आणायला पाहिजे. मग पानाच्या अंगाला चिकटून हवेचा एक पातळ थर असतो, तिथं वारा शिरत नाही, तो ओलांडायला पाहिजे. आणि शेवटी पानानं घेतलं पाहिजे. प्रत्येक उंबरठा किती अडवतो ते मांडलं की किती बसेल ते सांगता येतं. मी म्हटलं, म्हंजे जंगल आपल्यासाठी धूळ गाळते. मायच्या पदरावानी. तू एकदम चिडलीस.

"मावशी, झाड गाळणी नाही. गाळणी झटकता येते. तुम्ही ठसका आला तर बाजूला सरकता. ते कुठं सरकणार? उभं आहे तिथंच सगळं अंगावर घेतं."

तेव्हा मला पदराचंच बरोबर वाटत होतं. आता आमच्या ओसरीवर बसून समोर बघते, तर तुझं पटतं. गुडघा वाकत नाही. दार उघडलं की टेकाडावरच्या गिट्टी फोडायच्या क्रशरची भुकटी घरात, लावलं की जीव कोंडतो. धाकटा पोरगा म्हणतो वाशीमले चाल, तिथं खोली हाये. मी जात नाही. का जात नाही ते त्याला सांगता येत नव्हतं. आता तेच सांगते.

पहिलाच पावसाळा होता. तुझी कसलीतरी मंजुरी अडकली, तू येऊ शकली नाहीस. फोनवर म्हणालीस, "मावशी, बाटल्या दर वेळी धुऊन लावा बरं का, स्वच्छ." शुद्ध पाण्याचा कॅन तू ठेवला होतास, तो आषाढातच संपला. पांढऱ्या बाटल्या आतून हिरव्या व्हायला लागल्या. शेवाळ. मला बघवेना. पुण्याहून माणसं येतील आणि म्हणतील, गावच्या बाईला बाटली धुता येत नाही?

मी काय केलं, सुमेधा, जे माझ्या मायनं केलं, आजीनं केलं. चुलीतली राख घेतली, नारळाची शेंडी घेतली आणि विहिरीवर बसून बाटल्या घासल्या. काचेसारख्या लखलखल्या. ओळीनं उन्हात वाळत घातल्या तेव्हा शेजारची कमला म्हणाली, "बाप्पा, देवाची भांडी हायेत काय व या?" नववी हिरवी झाली नव्हती, पण तिला एकटीला काहून सोडायचं? तिच्यातलं पाणी पातेल्यात काढून ठेवलं, तीही घासली, पाणी परत भरलं. तो पूर्ण पावसाळा दर आठवड्याला राख. वहीत शेवटी शेऱ्याचा रकाना होता. त्यात दर वेळी लिहिलं: ठीक.

दिवाळीनंतर जंगलाच्या पलीकडच्या टेकाडावर गिट्टीचा क्रशर सुरू झाला. म्हणजे क्रशर येण्याआधीचा आपल्याजवळ तो एकच पावसाळा होता. हे मला तेव्हा कळलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तू आलीस. टॉवरवर नवा वॉचमन ठेवला होता, त्याला तू काम समजावत होतीस. मी बाजूला खोकं धरून उभी. तू म्हणालीस, "साबण नाही, चुना नाही, आणि राख तर अजिबात नाही. राखेत क्षार असतात. चिमूटभर राहिली तरी पाण्यातला आंबटपणा मारून टाकते, मग धुराचं काय पडलं, पानातून काय आलं, काहीच ओळखू येत नाही. अख्खं वर्ष वाया." आणि मग तू चष्मा काढलास आणि ओढणीनं पुसत बसलीस. बराच वेळ पुसलास. वॉचमन निघून गेला तरी पुसत होतीस.

माझ्या हातातलं खोकं जड झालं. तोंडापर्यंत आलं होतं. मला वाटलं, सांगितलं तर ही मला मावशी म्हणणं सोडेल. दुसरी कोणी शिकलेली पोरगी ठेवेल. म्हटलं, "चाय मांडू?" तू चष्मा लावलास आणि म्हणालीस, "मांडा."

त्यानंतर मी कधी राख लावली नाही. शुद्ध पाणी, तीनदा विसळायचं, बोटसुद्धा आत घालायचं नाही. वर्षं गेली. मी मनाला सांगितलं, एका वर्षानं काय होतं? ते आकडे तिनं घेतले असतील, कुठंतरी जिरले असतील.

मग ती ग्रामसभा.

गेल्या वर्षीची. सागाची पानं पांढरी पडली होती, कापसाच्या बोंडावर भुकटी, पोरं खोकत होती. क्रशर बंद करा म्हणून अर्ज करायचा, आणि पुरावा कोणाजवळ? आमच्या मॅडमजवळ. मीच सगळ्यांना सांगत फिरले होते, की आमची सुमेधा येऊ द्या, मंग पाहा. तू उभी राहिलीस. सरपंचांनी विचारलं, क्रशर आल्यानं जंगलावरची धूळ किती वाढली, सांगा. आणि तू म्हणालीस, "आज किती बसते ते मी सांगू शकते, आणि ते वाईट आहे. पण क्रशरच्या आधी किती बसत होतं याची धड मोजणी माझ्याजवळ नाही. त्यामुळे क्रशरनं वाढली असं मी लिहून देऊ शकत नाही."

लोक हसले. कोणीतरी मागून ओरडलं, "मॅडम मॅनेज झाल्या!" आणि मी उठले. सगळ्या गावासमोर.

"पैल्या सालचे आकडे हायेत न तुयाजवळ? म्या सोताच्या हातानं लिवले. मंग इतके दिस आमी बाटल्या कायले धूत होतो वं?"

बाटल्या धूत होतो, म्हटलं मी. त्या शब्दाला माझ्या मनात काही खटकलं होतं, सुमेधा, खोटं नाही सांगत. खटकलं आणि मी ते दाबलं. तू माझ्याकडे बघितलंस. एक शब्द बोलली असतीस तर गावाचं हसणं माझ्याकडे वळलं असतं. तू खाली बसलीस.

तुझी बॅग आमच्या ओसरीवर होती. मी चहा विचारला नाही. तू म्हणालीस, "मावशी, येते." मी म्हटलं, "या, मॅडम." तू जीपकडे गेलीस. दिवाळीला फोन केलास, मी सुनेला खुणेनं सांगितलं, बाहेर गेली म्हण. संक्रांतीला केलास, तेव्हाही. मग फोन आला तो अश्विनीचा.

परवा खोकं बांधून झालं तेव्हा मी तिला हळूच विचारलं, "पोरी, पैल्या सालचं काय केलं वं मॅडमनं?" तिनं लॅपटॉप उघडला. म्हणाली, पहिलं वर्ष मॅडमनी घेतलंच नाही. का, ते तिला नीट माहीत नव्हतं. मग तुझी जुनी वही काढली, पानं चाळली आणि माझ्यासमोर धरली. तिला वाटलं असेल, आजी काय वाचणार. मी वाचलं. तुझंच अक्षर.

"नववीतही राख. म्हणजे बाटल्या धुतानाच गेली. धुवायची रीत मी दाखवून दिली नव्हती, चूक माझी. पहिलं वर्ष वगळते. मावशींना विचारायचं नाही. त्या सांगतील."

त्या सांगतील.

मी तिथंच पाचोळ्यात बसले. अश्विनी घाबरली, पाणी आणलं. मला पाणी नको होतं.

म्हणजे तू चष्मा पुसत होतीस तेव्हा तुला माहीत होतं. वाट बघत होतीस. आणि मी चहा मांडला. ग्रामसभेत तुला माहीत होतं. गाव तुला विकली गेलेली म्हणत होतं, मी म्हणत होते, आणि ती नासलेली मोजणी माझ्याच हातची होती. तू ती राख आपल्या अंगावर घेतलीस, हलली नाहीस.

आता तुझ्यावर रागावू का? रागावते. काहून नाही विचारलंस? अश्विनीनं बाटल्या राखेनं घासल्या असत्या तर तू तिला समोर उभं करून विचारलं असतंस, मला माहीत आहे तुझा आवाज. मला नाही विचारलंस. मी अडाणी म्हणून? म्हातारी दुखावेल म्हणून? का मावशी म्हणून? यातलं कोणतं, ते मला आता कधीच कळणार नाही. तू एकदा ओरडली असतीस तर मी रडले असते, चार दिवस तोंड लपवलं असतं, आणि सुटले असते. तू मला मान दिलास आणि त्या मानात कोंडून ठेवलंस. बाहेर यायचं दार माझ्याच हातात होतं, हे तू वहीत लिहून ठेवलंस, पण मला नाही सांगितलंस. ही तुझी चूक आहे, सुमेधा. धुवायची रीत दाखवली नाहीस ती नाही. ही.

आणि तरी तुझ्यासारखं माझ्यावर कोणी भरवसा ठेवला नाही. नवऱ्यानं नाही, पोरांनी नाही. आठ वर्षं कोणी माझी वाट बघत बसेल असं मला वाटलंच नव्हतं.

म्हणून हे पुस्तकात छापावं, आणि त्याची एक प्रत आमच्या ग्रामपंचायतीत द्यावी, असं मी अश्विनीला सांगितलं आहे. आमच्या गावच्या लोकांनो, वाचा. सुमेधा मॅडम मॅनेज झाल्या नव्हत्या. क्रशरच्या आधीच्या वर्षीची मोजणी नासली ती माझ्या राखेनं. त्यांनी खोटा आकडा लिहून दिला असता तर तुम्ही टाळ्या वाजवल्या असत्या, मीही वाजवल्या असत्या. पुढच्या ग्रामसभेत हे मी तोंडानंही सांगणार आहे. गुडघा दुखला तरी उभं राहून. हसायचं असेल तर माझ्याकडे बघून हसा.

पोरानं काल परत विचारलं, वाशीमले येतं काय. म्हटलं, ग्रामसभा होऊ दे.

माझी वही अजून माझ्याजवळ आहे. अश्विनी सोमवारी न्यायला येणार. आज सकाळी पहिल्या पावसाळ्याची पानं काढली. शेऱ्याच्या रकान्यात माझंच ओबडधोबड अक्षर: ठीक, ठीक, ठीक. तू एकदा सांगितलं होतंस, लिहिलेलं खोडरबरानं पुसायचं नाही, एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला खरं लिहून सही करायची. एकेका ठीकवर रेघ मारली. बाजूला लिहिलं: राखेनं घासल्या. खाली सही, कौसल्या. दर आठवड्याची वेगळी सही केली, हात दुखेपर्यंत.

मग काठी घेऊन सागाखाली गेले. नववी बाटली तशीच टांगलेली होती, वरून भुकटीनं पांढरी. पदरानं पुसणार होते. पुसली नाही.

"सुमेधा," म्हटलं, "त्या साली बाटल्या म्या राखेनं घासल्या होत्या."

पलीकडे क्रशर चालू होता. मी थोडा वेळ उभी राहिले, तू चष्मा पुसायचीस तेवढा वेळ, आणि घरी आले.